पत्रिकेचा सीन

"तो पत्रिकेचा सीन! हसून हसून पोट दुखलं," थिएटरबाहेर पुढे आलेल्या माइकमध्ये त्याची बायको सांगत होती. सिनेमात मुलाला मुलगी आवडत नाही आणि त्याची आई फोनवर म्हणते, पत्रिका जुळत नाही. बायकोबरोबर तोही आत खूप हसला होता.

चॅनेलवालीने माइक शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांपुढे धरला.

"सिनेमा छान आहे. पण पत्रिकेवर हसू नये. आमच्या या मुलीला मिरजेचं स्थळ आलं होतं, पत्रिकेवरूनच अडलं. माणसं मात्र चांगली. ताटकळत ठेवलं नाही, लगेच कळवलं. म्हणून तर मी हिच्या ग्रहांची शांत करून घेतली."

त्याने गृहस्थांच्या मागे उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं आणि ओळखलं. तिच्या घरी त्याने पोहे मागून घेतले होते. परतताना गाडीत आई म्हणाली, फारच सावळी आहे. त्याने मान डोलावली. फोनवर आईच बोलली, पण नंबर त्याने लावून दिला होता.

"आमची तर पत्रिका पाहिलीच नाही," बायको कौतुकाने म्हणाली. "मिरजेला यांच्या घरी कुणी मानतच नाही!"

मुलीने चटकन त्याच्याकडे पाहिलं.

गृहस्थांनी चष्मा सारखा केला. "तुम्ही मोघे ना? तुम्हीच आला होतात ना आमच्याकडे?"



"नाही बाबा, हे नव्हेत." मुलीने वडिलांचा हात धरला. "ती माणसं चांगली होती."