शिवकन्येचा फोटो

शिवकन्या पडद्यावर हसत होती आणि प्रिंटर ढिम्म बसला होता.

"दिसती तर हाय की," तिची आई चंद्रभागाबाई म्हणाली. "मग कागदावर कावून येईना?"

रविनं पुन्हा छापायचं बटण दाबून पाहिलं. युसूफ वडगाव या गावातल्या मामाच्या या फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर त्यानं परवाच विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं. पुण्याला शिकणारा भाचा, मामाचं भलं करायला निघालेला. फुकटात मिळतं, चोरीचं नाही, व्हायरस नाही. "डोळे झाकून वापरा मामा, सगळं तयार हाय," असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. मग पत्र लिहून पाहिलं, गाणी वाजवली, पत्त्यांचे दोन डावही झाले. फोटो छापून बघायचं मात्र दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. फोटोच्या दुकानात!

आणि परतीची वाटही उरली नव्हती. चोरीच्या विंडोजवर धाडी पडतायत असं ऐकून मामानं, म्हणजे शिवलिंगप्पांनी, जुनी सीडी त्याच दिवशी विहिरीत टाकली होती.

चंद्रभागाबाईच्या लेकीचा हा एकच फोटो. दसरा झाल्यावर ऊसतोडीला निघताना इथंच हौसेनं काढलेला. चार दिवसांपूर्वी पोरगी कारखान्यावरच्या कोपीतून, पाचटाच्या झोपडीतून, पाण्याला गेली, ती आलीच नाही. तिथल्या फौजदारानं फोटो मागितला होता. उद्या कारखान्याचा पट्टा पडणार, हंगाम संपणार, तोडीच्या टोळ्या बिऱ्हाडं भरून चहूकडं पांगणार. पोरीला शेवटचं कुणी पाहिलं, हे मग विचारायचं कुणाला?

"मी केजहून छापून आणतो," रवि म्हणाला. "उद्या सकाळी देतो, मावशी."

"उद्या तिथं कोण ऱ्हातंय बाबा?"

बाहेर एसटीनं हॉर्न दिला. कारखान्याच्या बाजूला जाणारी ही शेवटची गाडी होती.

लिनक्सच्या यादीत मामाच्या प्रिंटरचं नाव नव्हतं; रविनं त्यातल्या त्यात जवळचं वाटणारं दुसरंच नाव निवडलं आणि बटण दाबलं. प्रिंटर खडखडला. शिवलिंगप्पांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला.

कागद बाहेर आला. वरपासून खालपर्यंत नुसती बारीक इंग्रजी अक्षरं आणि आकडे, मुंग्यांची रांग फुटावी तसे. मागोमाग दुसरा आला, तिसरा आला. थांबेचना.

"बंद कर बे ते!" शिवलिंगप्पा ओरडले.

रविनं वायर उपटली. चंद्रभागाबाईनं वरचा कागद उचलून उजेडाला धरला, फिरवून पाहिला.

"ह्यात कुठं हाय माझी शिवकन्या?"

रविला खोटं बोलवेना. "ह्या सगळ्या कागदांत मिळून तिचाच फोटो हाय, मावशी. पण अक्षरांत आलाय. माणसाला दिसायचा न्हाई."

बाईनं ऐकलं. मग खाली वाकून एकेक कागद गोळा केला, धूळ झटकली, घडी घातली आणि पदराखाली धरली. रविला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नका नेऊ मावशी. काय उपयोग न्हाई त्याचा."

एसटी हलली होती. चंद्रभागाबाई पायरी उतरून पळत सुटली आणि पळता पळताच म्हणाली, "मी अडाणी बाई, मला कसा दिसंल? फौजदार लई शिकल्याला हाय."