चार बोटं जास्त

"टेप ताणून धरा, साहेब. असं सैल माप आमच्या घरात कुणी घेतलं असतं, तर त्याला त्या दिवशी जेवायला वाढलं नसतं," अंबूताई म्हणाल्या.

प्रद्युम्ननं मुकाट्यानं टेप ताणला. जुन्या वास्तूंचा जाणकार म्हणून तो पुण्याहून म्हैसूरला आला होता. टी. नरसीपूरचा रस्ता रुंद व्हायचा होता आणि अंबूताईंचा हा बंगला बरोबर मधे येत होता. बंगला शंभर वर्षांचा आहे, जपण्याजोगा आहे, असं त्यानं लिहून दिलं तर रस्ता वळणार. नाही तर सोमवारी बुलडोझर.

"बांधला कुणी?"

"माझ्या आजेसासऱ्यांनी, शंभूरावांनी. राजवाड्यातले दरबारी कोट शिवायचे ते. लोक म्हणाले, शिंप्याला कशाला हवा एवढा बंगला? ते म्हणाले, मग तुम्हाला तरी कोट कशाला हवेत, या दरबारात तसेच नागवे."

मागे अंबूताईंचा साठीचा मुलगा वेंकोजीराव खोकला.

"सुम्मने उभा काय राहिलास? जा, साहेबांना काफी आण."

दिवाणखान्यात शिरताच प्रद्युम्नची मान वर गेली ती खाली येईना. बारा सागवानी खांब दोन मजले सरळ चढले होते. रंगीत काचांतून ऊन उतरून फरशीवर निळं-तांबडं सांडलं होतं. भिंत इतकी घोटीव, की त्याला तिच्यात आपला चेहरा दिसला. त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"चुन्यात अंडी घातलीत?"

"मग चकाकी काय फुंकून येते? विठ्ठलाचं माळकरी घर, म्हणून गवंड्यांनी ती बाहेर चिंचेखाली फोडली. देवघराची भिंत मात्र नुसती ताक-गुळावर घोटलेली. लावा हात, फुकट आहे."

त्यानं खांब कुरवाळला. "हे लाकूड ब्रह्मदेशाचं. शंभराच्या वरचं. पैजेवर सांगतो."

"सांगा की. शंभूरावांनीच आणलंय."

एका गोष्टीनं मात्र तो दुपारपर्यंत हैराण झाला. त्या काळच्या बंगल्यांची मापं त्याला पाठ होती. इथं प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी त्याहून चार बोटं रुंद आणि चार बोटं उंच. वर-खाली, मागे-पुढे, कुठेही फरक नाही.

"असं का, आजी?"

"अय्यो, शिकलेले तुम्ही. मी चौथीत शाळा सोडली."

वेंकोजीराव पुन्हा खोकला. तेवढ्यात कावेरीकडून वाऱ्याची झुळूक आली आणि सगळ्या खिडक्यांतून एकदम आत शिरली. प्रद्युम्नच्या अंगावर काटा आला.

"वारा! वाऱ्यासाठी वाढवलंय हे! चार बोटांत अख्ख्या घराला गारवा. असं गणित मी कुठल्याही राजवाड्यात पाहिलेलं नाही!"

त्यानं तिथंच, उभ्या उभ्या, कागदावर सही केली. "रस्ता वळेल, आजी. या घराला आता कुणी हात लावणार नाही." निघताना त्यानं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला.

"सावकाश जा हो."

जीप फाटकाबाहेर पडेपर्यंत अंबूताई हसतमुखानं उभ्या राहिल्या. मग मुलाकडे वळल्या.

"पंधरा वर्षांपूर्वी बंगला पुरात कोसळला, तेव्हा तो पुन्हा तसाच बांधायला पडद्यांच्या मापांची वही विश्वासानं तुझ्या हाती दिली मी. गवंड्याला दारं-खिडक्या सांगताना दुमडीची चार बोटं वजा करायची, हेसुद्धा शिंप्याच्या पोराला सांगावं लागतं?"