अंगातली ऊब

केमोनंतर हमिदाबींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. परंड्याला घरी आल्यापासून त्या गप्पच असत. त्यांची मुलगी मिनाज प्राण्यांच्या प्रतिकारशक्तीवर संशोधन करायची. पुण्याला परतताना तिनं त्यांना धीर दिला. "अम्मी, थंडीत निजलेल्या बेडकांच्या, बर्फातल्या खारींच्या रक्तातही या पेशी कमी होतात. अंगात ऊब आली की पुन्हा येतात."

"म्हंजी मी आता बेडकी व्हय?" हमिदाबी कितीतरी दिवसांनी हसल्या.

पुढच्या जुम्म्याला मिनाज आली, तेव्हा त्या गोधड्या पांघरून पडल्या होत्या. कपाळाला हात लावताच तिला चटका बसला.

"अम्मी, ताप आला की तडक दवाखान्यात आणा, असं डॉक्टर म्हणाले होते ना! कुणाला सांगितलं का नाही?"

"ताप कुठला गं? ऊब हाय ही. पेशी यायल्यात. तूच म्हणलीस की." धाप लागली होती, तरी त्यांचा चेहरा उजळला. "केमोला माझ्या शेजारच्या खाटेवर चन्नम्मा असती ना, तिचं बी अंग कालपासून लई तापलंय. येडी घाबरून दवाखान्यात निघाली होती. म्या फोन करून माघारी फिरवलं तिला."