किरणांचा कोन

वडिलांच्या मेंदूतली गाठ किरणांनी जाळायची होती. किरण कुठून आणि किती सोडायचे, हे त्यांच्या भौतिकशास्त्रज्ञ लेकीनंच हट्टानं ठरवलं होतं. जग नियमांवर चालतं की देवावर, हा बापलेकीचा जन्माचा वाद. यंत्राखाली आडवे होताच वडील हात जोडून पुटपुटू लागले.

"बाबा, आज चमत्कार मागू नका हं! किरण नियम सोडून केसभर जरी सरकले, तर तुमचे डोळे जातील."

"चमत्कार कशाला मागू?" वडील डोळे न उघडताच म्हणाले. "आज एकही नियम मोडू नकोस, एवढंच बजावतोय त्याला."

"माझ्या वतीनंही बजावा," ती म्हणाली आणि ताठ मानेनं कळ दाबायला गेली.