रबराचा वास

म्हातारीने तोंड उघडलं आणि कवळीवाल्याने श्वास रोखून धरला. वीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवण्यात गेली होती, त्यामुळे घाणेरडी तोंडं त्याला नवी नव्हती. पण मनोरुग्णालयाच्या या लांबलचक खोलीत शिरल्यापासून त्याला सगळ्याचीच किळस येत होती. फिनेलची, गाद्यांची, लाळेने भिजलेल्या टॉवेलांची. आणि खरं सांगायचं तर माणसांचीही.

मापाची वाटी म्हातारीच्या तोंडात बसेना. तिची जीभ सारखी आत-बाहेर होत होती.

"जीभ आवरा की, आजी!"

"तिच्या हातात नाही ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुन्या गोळ्या, त्यात डोस भरमसाट. आजार आवरला, पण जीभ सुटली ती सुटलीच."

"आणि पुढचे दात?"

"ते त्याच्याही आधी गेले. तेव्हा भूल न देता शॉक द्यायचे. चौघांनी दाबून धरायचं, तोंडात रबर कोंबायचं. आता क्वचित लागलाच तर भूल देऊन देतो. बहुतेकांना गोळ्या पुरतात, नाहीतर महिन्याला एक इंजेक्शन. घरी राहतात, नोकऱ्या करतात."

नोकऱ्या करतात म्हणे! कवळीवाल्याच्या कपाळावर आठी पडली. त्याच्या मुलीने पसंत केलेला मुलगाही नोकरी करत होता. नकाशे काढायचा. मागच्या रविवारी घरी आला तेव्हा चहा पिता पिता त्याने स्वतःच सांगून टाकलं. "मला स्किझोफ्रेनिया आहे. सात वर्षं औषध चालू आहे आणि मी बरा आहे. तुम्हाला बाहेरून कळायला नको, म्हणून सांगतोय."

मुलीला ते आधीपासून माहीत होतं. आप्पांना, म्हणजे कवळीवाल्याच्या वडिलांना, नव्हतं. त्यांनी आपल्या हातातला चहा तसाच खाली ठेवला. मुलगा गेल्यावर त्याची कपबशी धुवायलाही घेऊ दिली नाही, थेट कचऱ्यात टाकायला लावली.

"दुसऱ्याच्या घरात वाकून बघायची मला हौस नाही," आप्पा म्हणाले होते. "पण हे रक्तात असतं. आपल्या स्वच्छ घराण्यात ही घाण नको."

मुलीने आजोबांकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून जाणार नाही. पण मग पुन्हा माझ्यासमोर लग्नाचं नाव काढू नका."

आज संध्याकाळी मुलाचे आईवडील येणार होते. उत्तर कवळीवाल्यालाच द्यायचं होतं.

"डॉक्टर, हे रक्तात उतरतं का हो?" वाटी धुता धुता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"धोका थोडा वाढतो. तरी आईला किंवा बापाला असलं, तरी दहातल्या नऊ मुलांना होत नाही. का? तुमच्याकडे कुणाला आहे?"

"आमच्याकडे? छे, छे!" त्याने हात खसाखसा पुसले.

एवढ्यात आप्पांचा फोन आला.

"माझी कवळी झाली का?"

"होतेय. तुमच्या दोन्ही जबड्यांचे साचे पिशवीतच आहेत."

"पुन्हा माप घ्यायला आलास तर ते रबर माझ्या तोंडाजवळ आणू नकोस."

"कधी आणलंय, आप्पा?"

एकदाच आणली होती, रबरी कडेची वाटी. नुसत्या वासाने आप्पा भडाभडा ओकले होते. तेव्हापासून त्यांचं माप तो स्टीलच्या वाटीत घ्यायचा. वरचे पुढचे दोन दात त्यांनी तरुणपणी घालवले होते. परगावी दोन वर्षं नोकरीला असताना सायकलवरून पडले म्हणे. खालचे दात मात्र शाबूत होते आणि त्यांत डावीकडचा सुळा चक्क आडवा. धंद्यात असा सुळा त्याने दुसरा पाहिला नव्हता.

"संध्याकाळी भिडेपोटी गप्प बसू नकोस," आप्पा म्हणाले. "वेड्यांशी सोयरीक करायला आपलं असं काय अडलंय?"

"सांगतो मी त्यांना," तो म्हणाला. त्याचं ठरलं होतं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी त्याला जुन्या सामानाची खोली दाखवली. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी तिथे कपाटं लावली होती. चामड्याचे पट्टे होते, गार पाण्यात बुडवून ठेवायचा टब होता, इन्सुलिनने रक्तातली साखर उतरवून बेशुद्ध करायच्या सुया होत्या. एका फळीवर रबराचे काळे तुकडे ठेवले होते.

"एकच तुकडा सगळ्यांच्या तोंडात?"

"पुसायचा आणि पुढच्याच्या तोंडात. हा एवढा वेगळा. खाजगी खोलीतल्या मुलाचा, घरच्यांनी आणून दिलेला. बाविशीचा होता, असं जुन्या सिस्टर सांगायच्या. दोन वर्षांनी चांगला बरा होऊन घरी गेला."

"नाव?"

"अशा घरच्यांना नाव नकोच असायचं."

सवयीने कवळीवाल्याने तो तुकडा रुमालात धरून खिडकीशी नेला. वरच्या बाजूला पुढच्या दोन दातांचे ठसे फाटल्यासारखे होते, दात तिथेच मोडले असणार. त्याने रबर उलटं केलं. खालची रांग सरळ होती, डावीकडची एक जागा सोडून.

मग रबर टेबलावर ठेवून त्याने पिशवीतला खालच्या जबड्याचा साचा काढला आणि ठशांवर टेकवला. आप्पांचा आडवा सुळा आपल्या जागी अलगद जाऊन बसला.