फाटकावरचा कुत्रा

इस्पितळाच्या फाटकावरचा यांत्रिक कुत्रा आजही उठला नाही. अन्विता काठी टेकत त्याच्यासमोरून तीनदा गेली.

"विसरला मेला," ती चिडून म्हणाली.

"त्याला चेहरा कळत नाही, चाल कळते," डॉ. पिंगळे म्हणाले. "खुबा बदलल्यावर चाल बदलणारच."

पंचवीस वर्षांपूर्वी एका गेममधल्या तरुणीसाठी अन्विताने अंगभर सेन्सर लावून आपली चाल दिली होती. गेममधला त्या तरुणीचा कुत्रा त्या चालीमागे चालूनच मालकीण ओळखायला शिकला. पुढे तोच मेंदू शहरातल्या राखणदार कुत्र्यांत बसवला गेला. अन्विता दिसली की ते जागा सोडून तिच्यामागे निघायचे. बँकेचा वॉचमन हात जोडायचा, "ताई, मागच्या दाराने येत जा." तेव्हा तिला वैताग यायचा.

एवढ्यात कुत्रा ताडकन उठला. अन्विताने काठी घट्ट धरली. पण तो तिला ओलांडून पुढे गेला.

फाटकातून तिची मुलगी ऋजुता डबा घेऊन येत होती. यंदाच ती आईएवढी उंच झाली होती. कुत्रा वळला आणि तिच्या मागोमाग चालू लागला.

"आई, हा माझ्यामागे का लागलाय गं?"

"येऊ दे," अन्विता म्हणाली. "तू परत फाटकापासून चालत ये. मला नीट बघू दे."