राजाची उडी

शाळेत पहिलाच कॉम्प्युटर आला आणि गुरुजी मुलांसमोर त्याच्याशी बुद्धिबळ खेळायला बसले. शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, हे त्यांनी वीस वर्षं मोहाडीच्या सुताराकडून करवलेल्या पटावर शिकवलं होतं. ते स्वतः खाणकामगार वडिलांकडून तसंच शिकले होते. त्यांनी उडीसाठी बटणं दाबली. यंत्र टुंकन वाजलं, राजा हलला नाही. पुन्हा दाबली, मग जोरात दाबली. "बिघडलं वाटते जी," मुलं म्हणाली. गुरुजींची नजर मागच्या बाकावर, रेवताकडे गेली. गेल्या वर्षी नागपूरच्या स्पर्धेतून हरून आल्यावर ती रडत म्हणाली होती, "पंच म्हणे, राजाले उडी नसतेच." खोटारडी म्हणून गुरुजींनी तिला पटावरून उठवलं होतं. त्यानंतर तिनं मोहऱ्याला हात लावला नव्हता. आता ती उभी राहिली. "याले खोटारडा काहून नाही म्हणत जी?"